तांबड्या पाण्याचा डोंगर

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रण फवारायची घाई असते. कोळेरोग आला की कोवळ्या सुपारीचा झाडाखाली सडा पडतो, म्हणून पाऊस जोर धरायच्या आत घडांवर औषध बसायला हवं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. फवारणीआधी एक परीक्षा राहते. लोखंडी विळा घासून स्वच्छ करायचा, पातं मिश्रणात बुडवायचं आणि थोड्या वेळानं वर काढून उजेडात धरायचं. पातं होतं तसंच निघालं तर मिश्रण जमलं. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला, मोरचूद अजून मोकळं आहे. मग चुन्याची निवळी वाढवायची आणि विळा पुन्हा घासून पुन्हा बुडवायचा.

तो तांबूस थर म्हणजे खरंखुरं तांबं. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडाला भेटलं की लोखंड आपली जागा सोडतं, पाण्यात उतरतं, आणि तांबं घट्ट होऊन त्याच्या जागी बसतं. बागाईतदाराला ही चुकीची खूण वाटते. पण या एका अदलाबदलीवर वेल्समधल्या एका लहानशा डोंगराचा इतिहास उभा आहे. शेकडो वर्षं तिथे माणसांनी या रीतीनं तांबं मिळवलं, याच रीतीनं समुद्रावर जहाजं कुजली, आणि तिथलं पाणी अजूनही ही परीक्षा द्यायला तयार आहे.

या डोंगराचं नाव पॅरिस माउंटन. फ्रान्सच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ही जमीन रॉबर्ट पॅरिस नावाच्या राजअधिकाऱ्याकडे आली आणि त्याचं नाव डोंगराला चिकटलं. त्याआधी त्याला ट्रिसग्लुइन म्हणत. वेल्सच्या वायव्य टोकाला आयरिश समुद्रात अँगलसी नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून चालत तासाभराच्या आत हा डोंगर येतो. उंची जेमतेम १४७ मीटर, कोकणातल्या एखाद्या सड्याएवढी. पायथ्याशी समुद्रकाठी आम्लुख हे बंदराचं गाव. मराठी कानाला त्या नावात आम्ल ऐकू येतं. तो निव्वळ योगायोग, पण इथलं पाणी चाखून बघणाऱ्याला तो योगायोग वाटणार नाही.

वर चढून गेलं की समोर एक प्रचंड खड्डा उघडतो. कडेला गवत नाही, झुडूप नाही, हेदर नावाचं खुरटं रोप तेवढं तुरळक तग धरून आहे. उतारांवर हळदीचा पिवळा, गेरूचा लाल, कावेचा तपकिरी आणि मधूनच वांग्याच्या सालीसारखा जांभळा. पाऊस पडून गेला की हे सगळे रंग ओले होऊन आणखी गडद दिसतात. हे रंग लोखंडाच्या गंजाचे. तांबं शोधायला आलेल्या प्रत्येकाला डोंगरानं आधी लोखंडच दाखवलं आहे.

हे लोखंड आणि तांबं आलं कुठून, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. साधारण ४४ कोटी वर्षांपूर्वी, भूविज्ञानात ज्याला ऑर्डोव्हिसियन संपून सिल्युरियन सुरू होण्याचा काळ म्हणतात तेव्हा, आजच्या वेल्सची जमीन दक्षिण गोलार्धात होती आणि हा भाग पाण्याखाली होता. तळावर काळा चिखल साचत होता, पुढे त्याचाच शेल झाला. त्या चिखलातून अधूनमधून ज्वालामुखी फुटत होते आणि सिलिकानं भरलेला चिकट लाव्हा बाहेर येत होता. त्या खडकाला रायोलाइट म्हणतात. आपल्या दख्खनचा काळा बसाल्ट पातळ काकवीसारखा दूरवर पसरला. रायोलाइटचं तसं नसतं, तो फुटल्या जागीच गोळा होऊन बसतो.

तळाला भेगा होत्या. त्यांतून समुद्राचं पाणी आत मुरत होतं, खालच्या उष्णतेनं तापत होतं. तीनशे अंशांच्या वर तापूनही ते उकळून वाफ होत नव्हतं, कारण डोक्यावर समुद्राचं वजन होतं. असं तापलेलं खारं पाणी खडकातून जाताना त्यातलं लोखंड, तांबं, जस्त, शिसं आणि गंधक आपल्यात ओढून घेतं आणि दुसऱ्या वाटेनं वर उसळतं. वर गार समुद्र असतो. गार पाणी लागताच इतका वेळ विरघळलेले धातू गंधकाशी बांधले जाऊन काळ्या धुरासारखे बाहेर पडतात आणि तळावर त्यांचा ढीग साचतो. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ माणसानं समुद्रतळावरचे गरम झरे पहिल्यांदा पाहिले. दोन वर्षांनी पूर्व प्रशांत महासागरात असे काळा धूर ओकणारे दगडी धुराडे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसले. तोवर हे सगळं खडकांवरून केलेलं अनुमान होतं.

या ढिगाची रचना शोधाशोधीत फार महत्त्वाची ठरते. धातू सगळे एका जागी बसत नाहीत. तांबं उष्णतेला धरून असतं, म्हणून ते झऱ्याच्या तोंडाजवळ आणि खालच्या गरम भेगांत राहतं. जस्त आणि शिसं थोडं गार झालेल्या पाण्यातून, बाहेरच्या अंगाला बसतात. लोखंड आणि गंधक मिळून झालेलं पिवळं पायराइट सगळीकडेच असतं. म्हणजे नकाशावर जस्त दिसलं तर जवळपास कुठेतरी एके काळी चूल होती असं समजायचं, आणि तांबं त्या चुलीपाशी शोधायचं. हे कळायला मात्र डोंगरावरच्या माणसांना चार हजार वर्षं लागली, कारण मधल्या काळात पृथ्वीनं तो ढीग दाबला, दुमडला, उभा केला. काही धातू दाबानं वितळल्यासारखे सरकून नव्या भेगांत जाऊन बसले. वरून पाहणाऱ्याला थर दिसेनासा झाला, शिरा दिसू लागल्या.

पहिली माणसं ब्राँझयुगातली. डोंगरावर समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे सापडतात, टोकाला ठेचलेले. इथे समुद्राच्या लाटा पोचत नाहीत, तेव्हा हे गोटे कुणीतरी उचलून आणलेले, हातोड्यासारखे वापरलेले. १९३० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा त्यांचं वय सांगता आलं नव्हतं. १९८० च्या दशकात पुन्हा खणून त्यांच्यासोबतच्या कोळशाची किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीनं तपासणी झाली आणि वय निघालं साडेतीन ते चार हजार वर्षं. कोळसा होता, कारण तेव्हाचे लोक खडकाला आग लावत. दगड तापून तडकला की गोट्यानं ठेचून काढायचा. त्यांना खोल जायची गरज नव्हती. पृष्ठभागाजवळ हवा आणि पावसानं तांब्याचं खनिज आधीच मऊ, हिरवं करून ठेवलं होतं. पुढे रोमनांनीही बेटावर तांबं गाळलं. पावाच्या आकाराचे त्यांचे तांब्याचे गोळे अँगलसीत सापडले आहेत.

मग दीर्घ शांतता. सोळाव्या शतकाच्या अखेरीला मेडली नावाचा कुणी एक गृहस्थ इथल्या आंबट पाण्यात लोखंड घालून तांबं काढू पाहत होता अशी नोंद आहे. त्याचा विळा तांबडा झाला होता, एवढं नक्की. पण पाण्यात तांबं आहे म्हणजे पाणी ज्या वाटेनं आलं त्या वाटेवर तांबं आहे, हा पुढचा विचार कुणी नेटानं केला नाही.

तो झाला १७६८ साली. चार वर्षांआधी, १७६४ मध्ये, मॅकल्सफील्डच्या चार्ल्स रो यांच्या कंपनीनं हा डोंगर भाडेपट्ट्यानं घेतला होता. खरं तर त्यांचं लक्ष शिशाच्या दुसऱ्या एका खाणीवर होतं आणि हा तोट्यातला डोंगर त्यांना जोडीनं घ्यावा लागला होता. चार वर्षं खोदून हाती आलं त्यात खर्चही भरून निघत नव्हता. काम बंद करायचं ठरत आलं होतं. तेव्हा तिथल्या कारभाऱ्यानं शेवटचा एक डाव खेळला. माणसांच्या तीन-तीन, चार-चार जणांच्या दहा टोळ्या केल्या आणि एका झऱ्याच्या वरच्या अंगाला वेगवेगळ्या जागी त्यांना खोदायला लावलं. त्याचा तर्क असा, की या झऱ्याचं पाणी असं आहे तर ते खनिजाच्या अंगावरूनच वाहत येत असणार. दोन दिवसांच्या आत, जमिनीखाली फक्त सात फुटांवर, भरीव खनिज लागलं. तारीख होती २ मार्च. पुढे कित्येक वर्षं हा दिवस तिथे सणासारखा पाळला जाई.

शोधाचं श्रेय कुणाचं यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. खाणकामगार रोलंड प्यू याला बक्षीस म्हणून दारूची बाटली आणि राहायला बिनभाड्याचं घर मिळालं. तर कारभारी जोनाथन रूस याच्या आम्लुखमधल्या थडग्यावर हे खनिज त्यानंच शोधल्याचं कोरलं आहे. मला दोघंही खरे वाटतात. एकाच्या पहारीला दगड लागला, दुसऱ्यानं पहार कुठे मारायची ते पाण्यावरून ओळखलं. आपल्याकडे विहिरीची जागा सांगणारा आणि विहीर खणणारा वेगळा असतो, तसंच हे.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं या डोंगरानं जगाचा तांब्याचा बाजार हलवला. जमीन दोन मालकांत वाटलेली होती, सर निकोलस बेली आणि पाद्री एडवर्ड ह्यूज. हद्दीवरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं चालली. त्या भांडणात ह्यूज यांच्या बाजूनं उभा राहिलेला वकील टॉमस विल्यम्स भांडण मिटेपर्यंत इतका आत शिरला, की अखेर खाणींचा कारभार त्याच्याच हाती आला. वेल्श कामगार त्याला टुम ख्वारे टेग म्हणत, म्हणजे रास्त वागणारा टॉम. इंग्लंडातले त्याचे प्रतिस्पर्धी त्याला वेगळ्या नावांनी ओळखत, कारण काही काळ ब्रिटनमधल्या तांब्याचा भाव हा माणूस ठरवत होता. १७८७ पासून पॅरिस माइन कंपनीनं स्वतःची नाणी पाडली, एका बाजूला ओकच्या पानांच्या वर्तुळात दाढीवाला ड्रुइड पुरोहित. सरकारी नाण्यांचा तुटवडा होता आणि कामगारांना मजुरी तर द्यायची होती. मूठभर घरांचं आम्लुख शतकाअखेर जवळपास पाच हजार वस्तीचं गाव झालं.

खनिज मात्र उंची नव्हतं. भरपूर होतं आणि उथळ होतं, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. वरून उघडाच खड्डा खणत जायचं, म्हणून कॉर्नवॉलच्या खोल खाणींपेक्षा खर्च कमी. वर आलेला दगड फोडायचं काम बायकांकडे. त्यांना कॉपर लेडीज म्हणत. छपराखाली रांगेनं बसलेल्या, डोक्यावर ठिपक्यांचा रुमाल आणि त्यावर टोपी. समोर लोखंडी ठोकळा. डाव्या हातात जाड हातमोजा, त्याच्या बोटांवर लोखंडी कड्या. त्या हातानं दगड ठोकळ्यावर धरायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीनं फोडायचा. चांगला तुकडा एका बाजूला, टाकाऊ दुसऱ्या बाजूला. कड्या नसत्या तर पहिल्याच दिवशी बोट गेलं असतं. दिवसभर फक्त हातोड्यांचा ताल. आपल्या पाटे टाकवणाऱ्या बायकांसारखा, पण चाळीस-पन्नास जणींचा एकदम.

निवडलेलं खनिज लांबलचक भट्ट्यांत रचत. एकदा कोळशानं पेटवलं की त्यातलं गंधक स्वतःच सरपण होई आणि भट्टी महिनोन्‌महिने धुमसत राही. त्या धुरानं आसपासची शेतं करपली. जळून हलकं झालेलं खनिज आम्लुखहून जहाजानं लँकेशर आणि स्वान्झीच्या गाळण्यांना जाई, परतीच्या जहाजातून कोळसा येई. चांगल्या खनिजाची ही वाट.

बाकीचं तांबं विळ्यानं काढलं. विळा म्हणजे मोडकं लोखंड. तुटलेल्या भांड्यांपासून गंजक्या साखळ्यांपर्यंत मिळेल ते लोखंड जहाजानं आणून दगडी हौदांत टाकत. खाणीतून उपसलेलं आंबट पाणी, भाजलेल्या खनिजावरून आणि टाकाऊ दगडांच्या ढिगांवरून वाहिलेलं पाणी त्या हौदांत सोडत. लोखंड हळूहळू झिजे आणि तळाशी तांब्याचा लालसर चिखल जमे. अधूनमधून लोखंड ढवळून, खरवडून तो मोकळा करायचा, म्हणजे खालचं ताजं लोखंड पाण्याला भेटे. हौद रिकामा करून हा चिखल वाळवायचा आणि गाळणीला पाठवायचा. उरलेलं पाणी आता लोखंडानं भरलेलं. ते पुढच्या मोठ्या तळ्यांत हवेवर ठेवलं की पिवळा गेरू खाली बसे, तो रंगासाठी विकत. खोल खाणी बंद पडल्यावरही ही हौदांची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. खाणकाम न करता तांबं मिळत राहिलं, कारण खाणकाम पाऊस करत होता.

यातलं रसायन आता उलट बाजूनं पाहू, कारण इथेच या गोष्टीचा मुंबईशी संबंध येतो. लाकडी जहाजाच्या बुडाला उष्ण समुद्रात टेरेडो नावाचा किडा पोखरतो आणि शिंपले-शेवाळ चिकटून जहाज जड होतं. त्यावर ब्रिटिश आरमारानं १७६१ साली अलार्म या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. दोन वर्षांनी वेस्ट इंडिजहून जहाज परतलं तेव्हा लाकूड शाबूत होतं. पण पत्रा धरून ठेवणारं लोखंड खाऊन गेलं होतं. एके ठिकाणी मात्र ते टिकलं होतं: जिथे पत्र्याखाली बांधणीचा तपकिरी कागद चुकून राहून गेला होता. कागदानं तांबं आणि लोखंड वेगळं ठेवलं होतं. पॅरिस माउंटनच्या हौदात जे फायद्याचं, ते जहाजाच्या बुडाशी घातक. मीठपाण्यात दोन धातू टेकले की लोखंडच जातं.

तरी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आरमारानं घाईनं सगळ्या ताफ्याला तांबं मढवलं आणि नंतर जहाजांचे लोखंडी बोल्ट आतून कुजू लागले. बाहेरून काहीच दिसत नसे. उपाय एकच, बोल्टही तांब्याचेच हवेत. पण साधं तांबं मऊ, ठोकताना वाकतं. १७८३ च्या सुमारास तांबं थंड असतानाच दाबून, ओढून कडक करायची रीत निघाली आणि टॉमस विल्यम्सच्या कारखान्यांनी असे बोल्ट आरमाराला पुरवले. या डोंगराची भरभराट त्या बोल्टांवर झाली.

मुंबईच्या गोदीत वाडिया सागवानी जहाजं बांधत होते त्यांनाही हेच तांबं, म्हणजे ब्रिटनहून येणारा पत्रा, लागत असे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली तिथे कॉर्नवॉलिस ही ७४ तोफांची युद्धनौका तयार होत होती. तिच्यासाठीचा तांब्याचा पत्रा घेऊन जावा नावाची ब्रिटिश युद्धनौका १८१२ च्या नोव्हेंबरात निघाली. मुंबईत बांधायच्या आणखी जहाजांचे नकाशेही तिच्यावर होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेनं गाठलं, हरवलं आणि जाळलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. त्यांवरून मुंबईत बांधलेली ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात उभी आहे. तांबं त्या काळात किती मोलाचं होतं हे एवढ्यावरून कळावं, की सागवान मलबारचं, हात पारशी सुतारांचे, पण बुडाचा पत्रा अर्धी पृथ्वी ओलांडून यायचा.

१८१९ साली एक सत्तावीस वर्षांचा तरुण वेल्समध्ये पायी हिंडत असताना पॅरिस माउंटनच्या खाणीत उतरला. त्याचं नाव मायकल फॅरेडे. पुढे त्याचे गुरू हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांचं तांबं झिजू नये म्हणून त्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडायची कल्पना काढली आणि त्या प्रयोगांत फॅरेडेनं मदत केली. कल्पना अचूक होती, तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबंच पाण्यात विष सोडून शिंपले दूर ठेवत होतं. झीज थांबली आणि शिंपले चिकटले. आरमारानं बेत सोडून दिला. आज समुद्रातल्या पाइपलाइनी गंजू नयेत म्हणून हीच रीत जगभर वापरतात.

विळा, हौद, जहाजाचा बोल्ट, डेव्हीचा जस्ताचा तुकडा: चारही ठिकाणी एकच व्यवहार. म्हणून या डोंगराबद्दल वाचताना मला खाणीपेक्षा त्या पाण्याचीच गोडी लागली.

एकोणिसाव्या शतकात उघडा खड्डा संपत आला. १८११ पासून कॉर्नवॉलहून आलेला जेम्स ट्रिविक खोल बोगद्यांचं काम बघत होता, वाफेची इंजिनं बसली, माथ्यावर पाच पात्यांची पवनचक्की उभी राहिली. उत्पन्न घसरत गेलं आणि विसाव्या शतकाच्या आरंभी खोदकाम थांबलं. या काळावर फार रेंगाळण्यासारखं काही नाही. लोक त्याच शिरांच्या मागे आणखी खाली जात होते, इतकंच.

एक गोष्ट मात्र ते वर आणून फेकत होते. गर्द निळसर करड्या रंगाचा, बारीक कणांचा, हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा जड लागणारा दगड. त्याला ब्लूस्टोन म्हणत. मोरचुदालाही इंग्रजीत हेच नाव आहे, पण हा वेगळा. यात जस्त, शिसं आणि तांबं तिन्ही, इतक्या बारीक कणांत एकमेकांत मिसळलेली, की भट्टीत एकाला दुसऱ्यापासून सोडवणं शक्यच नव्हतं. जुन्या खाणकामगारानं त्याला शिव्या घातल्या असतील. पण हाच दगड सांगत होता की इथे एकदा समुद्रतळावर ढीग साचला होता. ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

तयार नव्हतं, कारण खडक वाचायची रीत वेगळी होती. एडवर्ड ग्रीन्ली या भूवैज्ञानिकानं सरकारी नोकरी सोडून १८९५ पासून एकट्यानं, स्वतःच्या हिमतीवर सगळं अँगलसी बेट पायाखाली घातलं आणि १९१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापला. वेगवेगळ्या खडकांचा काला झालेल्या पट्ट्याला मेलांज हा शब्द त्यानंच दिला आणि जगभरच्या भूविज्ञानात तो रुळला. पण पॅरिस माउंटनच्या तांब्याकडे त्या काळचे सगळेच जसं पाहत तसंच पाहिलं गेलं: खडक आधी झाला, मग फार नंतर भेगांतून धातू शिरले. हे मानलं की भेगेमागे जायचं. धातू आणि खडक एकाच वेळी, एकाच तळावर जन्मले असं मानलं की थरामागे जायचं. बोअर कुठे मारायचा हे या एका मतावर ठरतं, आणि एका बोअरला लागणारा पैसा मोजला की हे मत निव्वळ पुस्तकी राहत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका कॅनेडियन कंपनीनं इथे बोअर मारले ते विरळ पण विस्तीर्ण तांब्याच्या आशेनं, कारण जगात तेव्हा तशा खाणी नफ्यात होत्या. त्यानंतरच्या दशकात चित्र पालटलं. जपानमध्ये कुरोको म्हणजे काळं खनिज नावाचे जस्त-शिसं-तांब्याचे साठे होते. ते समुद्रातल्या ज्वालामुखीशी जोडलेले आहेत हे तिथल्या संशोधकांनी दाखवलं होतं. तोच नमुना पॅरिस माउंटनला लावून पाहिला तर रायोलाइट, काळा शेल, कडक सिलिका आणि तो ब्लूस्टोन, सगळे आपापल्या जागी बसले. पॉइंटन आणि इक्सर या भूवैज्ञानिकांचा १९८० चा निबंध या विचाराच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. आता थर धरून पश्चिमेकडे, जुन्या खाणकामगारांची पहार जिथे फारशी पोचलीच नव्हती तिकडे, खोल बोअर मारले आणि गाभ्यात जस्त-शिसं-तांब्याचं भरीव खनिज आलं. मधल्या काळात दळलेलं खनिज फेसावर तरंगवून धातू वेगळे करायची पद्धतही रुळली होती. त्यामुळे जे शंभर वर्षं ढिगावर फेकलं, तेच आता मुख्य धन झालं.

१९८८ ते १९९० मध्ये तिथे सुमारे तीनशे मीटर खोल उभी विहीर खोदली गेली. तळाजवळून आडवा बोगदा नेऊन खनिज हातानं तपासलं. मग धातूंचे भाव पडले आणि पंप बंद झाले. त्यानंतर आजवर बोअर, हिशेब, नवा अहवाल, पुन्हा बोअर. साठा काही दशलक्ष टनांचा मानतात, खाण मात्र सुरू झालेली नाही. एके काळी जगाचा भाव ठरवणारा डोंगर आता खाणधंद्याच्या भाषेत एक लहान, परवडेल न परवडेल असा संभाव्य साठा आहे. त्यात मला घसरण दिसत नाही. दगड तोच आहे. ब्राँझयुगातल्याला हिरवा मऊ थर हवा होता, रूसला भरीव पिवळं खनिज, १९६० च्या दशकात विरळ तांबं, नंतर जस्त. ज्यानं जे मागितलं त्याला तेवढंच तिथे दिसलं.

एक खनिज मात्र कुणी न मागता सापडलं. १७८३ मध्ये विल्यम विदरिंग, म्हणजे हृदयविकारावर डिजिटॅलिसचा उपयोग जगासमोर मांडणारा डॉक्टर, यानं इथल्या मातकट पोकळ्यांतले बारीक चकचकीत स्फटिक शिशाचं नवं खनिज म्हणून ओळखले. बेटावरून त्याला अँगलसाइट नाव पडलं. शिशाच्या गंधकी खनिजाला हवापाणी लागलं की ते तयार होतं. म्हणजे तेही या डोंगराच्या आंबण्याचंच फळ.

आंबणं थांबलेलं नाही. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं आणि लोखंड मोकळं होतं. लोखंडावर जगणारे सूक्ष्मजीव हा वेग कैक पटींनी वाढवतात. बोगद्यांच्या छतावरून त्यांचे लिबलिबीत पडदे लोंबतात, आणि बँगर विद्यापीठाचे संशोधक या पाण्यातले जीव वर्षानुवर्षं अभ्यासत आले आहेत. पाण्याचा सामू दोन-अडीचच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. हौदांसाठी पाणी अडवायला एका बोगद्यात बांधलेल्या जुन्या भिंतीमागे हे पाणी तुंबून राहिलं होतं. भिंत फुटली असती तर लोंढा सरळ आम्लुख गावात उतरला असता. २००३ मध्ये महिनोन्‌महिने पंप लावून अडीच लाख घनमीटरांहून अधिक पाणी बेतानं उपसलं आणि भिंत काढून टाकली. पाण्याखाली गेलेल्या दालनांत जुन्या वाटा शोधणारी हौशी मंडळी पुन्हा उतरू शकली.

तेव्हापासून खाणीतलं जवळपास सगळं पाणी एकाच मोरीतून बाहेर पडतं आणि अव्होन गोखला मिळतं. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ तांबडी नदी. नदी म्हणायचं, पण एखाद्या वहाळाएवढी. तिच्यात मासा नाही. ती दरवर्षी टनावारी तांबं आणि जस्त घेऊन गावामधून बंदराकडे उतरते. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. नदीचं आंबट पाणी त्याला भेटलं की इतका वेळ विरघळून आलेलं लोखंड तिथे नारिंगी गढूळ होऊन बसू लागतं. बोर्डोच्या पिंपात चुन्याची निवळी जे काम करते ते इथे समुद्र करतो. ओहोटीला खडकांवर त्याचा थर राहतो, बोट लावलं तर बोटाला येतो.